एकसष्टाव्या पानावरचे नाव

पुस्तकाची अनुक्रमणिका सर्वांत शेवटी तयार होते आणि सर्वांत पुढे लागते. नागपूरच्या एका दैनिकात सात वर्षे उपसंपादकी केली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले होते की मथळा बातमीतून निघाला पाहिजे. बातमीत जे नाही ते मथळ्यात येता कामा नये. पुढे सौंसरला टंकलेखनाचे दुकान काढले तेव्हा हाच नियम मी अनुक्रमणिकेला लावला. दुकान अठ्ठावीस वर्षे चालले. नियम एकदाच मोडला गेला आणि तो मी मोडला. ही त्या कामाची हकीकत आहे.

दुकान जिनिंगच्या रस्त्यावर होते. सुरुवातीला सात टाइपरायटर, चार इंग्रजी आणि तीन हिंदी-मराठी. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या जोडीला एक संगणक आला. नागपूरहून तो जीपमध्ये मांडीवर घेऊन आणला होता. कापसाच्या हंगामात हवेत रुईचे तंतू तरंगत आणि यंत्राच्या फटीतून आत जात, म्हणून त्याच्यावर धुतलेली चादर पांघरलेली असे. खोलीत चपला काढूनच यायचे. शनिवारी जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला जाणारी माणसे वाटेत दुकानात डोकावत. एका आजीने पडद्यासमोर नारळ ठेवून हातही जोडले होते. तिला थांबवावे असे कोणाला वाटले नाही.

टाइपरायटरवर अनुक्रमणिका करणे हे वैतागाचे काम होते. सगळा ग्रंथ टाइप झाला की पाने उलटत बसायचे, प्रकरण कोणत्या पानावर सुरू होते ते कागदावर टिपायचे आणि मग यादी टाइप करायची. मध्ये एक परिच्छेद वाढला की पुढचे सगळे आकडे चुकले. संगणकातल्या लेखनाच्या प्रोग्रामने हे काम स्वतःकडे घेतले. प्रत्येक शीर्षकाच्या आधी आणि नंतर एक खूण घालायची. ती खूण छापल्यावर दिसत नाही. शेवटी एक आज्ञा दिली की प्रोग्राम सगळा मजकूर चाळतो, खुणा केलेली शीर्षके उचलतो, त्यांच्यासमोर पानांचे आकडे घालतो आणि यादी पुढे आणून ठेवतो.

यात एक खोट होती. तयार झालेली यादी इतर मजकुरासारखीच उघडी पडलेली असे. तिच्यात कोणीही काहीही टाइप करू शकत होते. प्रोग्राम अडवत नसे, विचारत नसे. मात्र पुन्हा यादी काढण्याची आज्ञा दिली की जुनी यादी पुसली जाई आणि मजकुरातून नवी बांधली जाई. यादीत हाताने केलेली दुरुस्ती नाहीशी होई आणि ती झाली हेही कोणाला कळत नसे. लोधीखेड्याच्या एका वकिलांनी दस्तऐवजांच्या यादीतले आकडे चार वेळा यादीतच दुरुस्त करून घेतले होते आणि चारही वेळा ते गेले. "तुमची मशीन मले ओळखत नाई काय?" असे त्यांनी विचारले होते. एक मुख्याध्यापक तर म्हणाले, "आधी यादी काढून द्या. पुस्तक मी मागून लिहितो."

यावर उपाय म्हणून आम्ही दुकानापुरता रिवाज ठरवला. दुरुस्ती करायची ती आत, मजकुरात. शेवटची यादी छापण्याच्या आदल्या क्षणी नव्याने काढायची. मग ते काम कोऱ्या फ्लॉपीवर उतरवायचे आणि फ्लॉपीच्या कडेला असलेल्या खाचेवर चंदेरी पट्टी चिकटवायची. खाच झाकली की त्या फ्लॉपीवरचे वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. प्रोग्रामने जे संरक्षण दिले नव्हते ते त्या नखाएवढ्या पट्टीने दिले. पट्टी लावण्याचे काम शोभाचे. शोभा ही माझ्याकडेच टायपिंग शिकलेली, चोवीस-पंचवीस वर्षांची, हातात वेग आणि तोंडात धार असलेली ऑपरेटर. पट्टी लावली की ती म्हणे, "झालं. आता ब्रह्मदेव आला तरी बाहेर उभा राहीन."

पांढुर्ण्याच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे प्रा. बोंद्रे प्रबंध घेऊन आले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. विषय संत्र्याच्या झाडावरचा डिंक्या. या रोगात खोडाची साल फुटते, तिच्यातून डिंक गळतो आणि पाचसहा वर्षांत झाड वाळते. प्रबंध इंग्रजीत होता. बोंद्रे सरांची नोकरी कायम होणे या पदवीवर अडले होते आणि त्यांचे मार्गदर्शक उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध दाखल झाला नाही तर नवा मार्गदर्शक आणि पुन्हा पहिल्यापासून. हे त्यांनी पहिल्याच भेटीत दोनदा सांगितले.

त्यांच्याबरोबर रामाकोन्याचे तुळशीराम कळंबे होते. साठीच्या आसपास, पांढरा पायजमा, टोपी, पायांना काळ्या मातीच्या भेगा. चपला त्यांनी रस्त्यावरच काढल्या होत्या. त्यांची सहाशे झाडांची बाग होती. त्या बागेतल्या प्रत्येक झाडाच्या खोडावर डांबराने आकडा लिहिलेला होता आणि प्रत्येक झाडाची नोंद त्यांनी वहीत ठेवली होती. कोणत्या वर्षी साल फुटली, पाणी खोडाला लागत होते की नाही, मलम कधी लावले, झाड वाचले की वाळले. अठरा वर्षांच्या अठरा वह्या. या नोंदींवरून त्यांनी एक गोष्ट शोधली होती. खोडाभोवती मातीचे एक छोटे आळे आणि त्याच्या बाहेर दुसरे मोठे आळे करून पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात सोडले, तर डिंक्या फार कमी लागतो. बोंद्रे सरांच्या प्रबंधाचे चौथे प्रकरण याच नोंदींवर उभे होते. पंधरा वह्या सरांकडे आल्या होत्या. शेवटच्या तीन, ज्यांत दुहेरी आळ्याची तुलना होती, त्या तुळशीरामजींनी दिल्या नव्हत्या.

"कायले देऊ?" ते माझ्याकडे वळून म्हणाले. "सर म्हणतात का नाव येईन. पण कोठी येईन ते दाखवत नाई."

"येईल ना भाऊ," बोंद्रे सर म्हणाले. "प्रकरणाला तुमचंच नाव देतो म्हटलं ना."

"देतो अन् देल्लं, यात एक बहार निघून जाते, सर."

शोभा हसली. तुळशीरामजींनी मग यंत्राकडे पाहिले आणि विचारले, "हे काय करून राहिली, बाई?" शोभा त्या वेळी दुसऱ्या कोणाच्या तरी कामाची यादी काढत होती. आकडे आपोआप येऊन बसताना त्यांनी पाहिले आणि खुर्ची जवळ ओढली.

"म्हणजे हे आतमंदी जाऊन पाहून येते?"

"हो ना बाबाजी. आत जे आहे तेच बाहेर आणते."

त्यांना हे फार पटले. त्यांच्या प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानांवर स्वतः केलेली यादी असे. झाडाचा आकडा आणि समोर वहीतले पान. "पण माह्या यादीवर माहा भरोसा नाई," ते म्हणाले. "यादीत पायलं, तरी झाडापाशी जाच लागते. एकदा बावीस नंबर यादीत जिता होता अन् बगीच्यात वाळून खडंग." त्यांचा हा रिवाज मी ऐकला आणि मला तो आवडला. त्याचा अर्थ पुढे काय होणार हे तेव्हा सुचले नाही.

जानेवारीत तुळशीरामजी छोट्या रेल्वेने सौंसरला आले आणि तीन वह्या त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या टेबलावर ठेवल्या. सर्वांत वरच्या वहीच्या प्लॅस्टिकच्या आवरणात घडी केलेला एक कागद होता. आमच्याच प्रिंटरवर छापलेला, कडेला भोकांची पट्टी फाडल्याची खूण असलेला. प्रबंधाची अनुक्रमणिका. चौथ्या प्रकरणासमोर इंग्रजीत शीर्षक होते; मराठीत सांगायचे तर ‘रामाकोना येथील श्री. तुळशीराम कळंबे यांची संत्रा बागेतील निरीक्षणे’. त्यापुढे टिंबांची रेघ आणि एकसष्ट हा आकडा.

"सरांनी आणून देल्ला," ते म्हणाले. "मले इंग्रजी येत नाई. पण हे मले वाचता येते." त्यांनी बोट ठेवले. संत्र्याच्या पेट्या कलकत्त्याला जात, त्यांच्यावर मालकाचे नाव पत्र्याच्या साच्यातून इंग्रजीत रंगवलेले असे. वीस वर्षे तो साचा त्यांनी हातात धरला होता. अक्षरे त्यांना वाचून नाही, आकारावरून ओळखू येत होती.

तीन वह्या टाइप व्हायला पाच आठवडे लागले. त्यातले तक्ते शोभाने तीनदा तपासले.

शेवटची यादी काढली तो मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. वीज होती. दुसऱ्या दिवशी पाच प्रती बांधणीला जायच्या होत्या. शोभाने रिवाजाप्रमाणे आज्ञा दिली, यंत्र खरखरले, पडद्यावरची जुनी यादी गेली आणि नवी आली. शोभाने ती वाचली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "सर, इकडे या बरं."

चौथ्या प्रकरणाचे शीर्षक होते ‘एका स्थानिक बागेतील निरीक्षणे’. पान एकसष्ट.

"माझ्या हातून काही पुसलं गेलं काय?" तिचा चेहरा उतरला होता. "मी काहीच नाही केलं, सर. फक्त यादी काढली."

पहिल्यांदा मलाही हीच शंका आली. यंत्र नवे होते आणि आमचा त्याच्यावरचा विश्वास जुना नव्हता. आम्ही एकसष्टावे पान उघडले. शीर्षक तेच होते, ‘एका स्थानिक बागेतील’. खुणा जागच्या जागी होत्या. यादी मजकुराशी तंतोतंत जुळत होती. मग मी शोभाला शोधाची आज्ञा द्यायला सांगितले. हा प्रोग्राम सबंध मजकुरात एखादा शब्द शोधून दाखवत असे. तिने ‘कळंबे’ टाइप केले. पडद्याच्या तळाशी उत्तर आले: सापडले नाही. ‘तुळशीराम’. सापडले नाही. ‘रामाकोना’. सापडले नाही. इंग्रजीत ही नावे जितक्या तऱ्हांनी लिहिता येतील तितक्या तऱ्हांनी आम्ही शोधली. दोनशे चौदा पानांत रामाकोना नव्हते.

वर्तमानपत्रात असताना अपघात, खून, दंगल यांच्या बातम्या मी चहा पीत लावल्या आहेत. त्या मंगळवारी मात्र मी हातातले काम टाकून स्टुलावर बसलो. तीन वह्या माझ्या टेबलावर होत्या. त्या एका कागदाच्या भरवशावर आल्या होत्या. आणि तो कागद माझ्या दुकानात छापला गेला होता.

शोभाने हिशेब जुळवला. "डिसेंबरात सर एकदा दुपारी आले होते. मी डबा खायला गेली होती. ते म्हणाले, बसतो मी, वाचत राहतो." तेव्हा कामाच्या फ्लॉपीवर पट्टी नव्हती, काम चालू असताना ती लावता येत नसे. सर आमच्या मागे उभे राहून दोन महिने पाहत होते. यादीवर जाऊन एक ओळ बदलणे आणि ते पान छापणे एवढे त्यांना नक्कीच येत होते. एवढेच त्यांनी केले होते. आतले शीर्षक त्यांनी बदललेच नव्हते. आम्ही पुन्हा यादी काढली नसती तर हाताने टाकलेले ते नाव प्रबंधातही तसेच राहिले असते. यंत्राने आत जाऊन पाहिले आणि जे होते ते बाहेर आणले.

बोंद्रे सर दुपारच्या बसने आले. मी त्यांच्यासमोर दोन्ही याद्या ठेवल्या. त्यांनी दोन्हीकडे पाहिले आणि नाकारले नाही.

"मार्गदर्शकांनी सांगितलं," ते म्हणाले. "शेतकऱ्याचं नाव प्रकरणाला दिलं तर परीक्षक विचारेल, मग तुमचं काय? मी काय उत्तर देऊ? सांगा ना."

"मग आभारात तरी?"

"आहेत ना आभार. ‘परिसरातील शेतकरी बांधवांचे’."

"त्यांनी वह्या नावासाठी दिल्या, सर."

"मला माहीत आहे." ते उभे राहिले, पुन्हा बसले. "माझी बारा वर्षं आहेत यात. परत नाही करू शकत मी. तुम्ही एक करा. एक प्रत जास्तीची काढा. तिच्या यादीत त्यांचं नाव टाका. तेवढं एकच पान. ती प्रत त्यांना देऊ. त्यांना इंग्रजी कुठे येतं? देव्हाऱ्यात ठेवतील. एका माणसाचं मन राहते, कोणाचं काही बिघडत नाही."

शोभा पाठमोरी बसून सगळे ऐकत होती. तिने तोपर्यंत अंतिम फ्लॉपीवर पट्टी लावली होती आणि कामाची फ्लॉपी पुसली होती. त्या प्रोग्रामला जतन केल्याशिवाय छापता येत नसे आणि पट्टी असलेल्या फ्लॉपीवर जतन होत नसे. म्हणजे नाव घालायचे तर पट्टी काढावी लागणार होती.

"मी नाही काढत," ती म्हणाली. "अन् टाइपही नाही करत. तुमचं दुकान आहे, सर. तुम्ही करा."

मी केले. पट्टी माझ्या अंगठ्याच्या नखाने काढली, यादीतले शीर्षक माझ्या हाताने बदलले, पान छापले. त्या वेळी मनात कोणती कारणे होती ती मी पुष्कळदा आठवून पाहिली आहेत. सरांची मुदत होती, ओळखीचे गिऱ्हाईक होते, म्हातारा आनंदात राहील असेही वाटले होते. यांतले एकही कारण मी उपसंपादक असताना दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकून घेतले नसते. नंतर फ्लॉपीवरची यादी पुन्हा काढून पूर्वीसारखी केली. जुनी पट्टी चिकटेना, नवी लावली.

पाच प्रती विद्यापीठात गेल्या. सहावी, तशाच गडद निळ्या कापडात बांधलेली आणि सोनेरी अक्षरांची, सरांनी दुकानात ठेवली. "कळंबे आले की देऊन द्या. मला पांढुर्ण्यात काम आहे," असे ते म्हणाले. अठरा वह्याही दुकानातच होत्या. सरांना त्या स्वतःकडे हव्या होत्या, पण उचलून नेण्याचे ते रोज पुढे ढकलत होते.

तुळशीरामजी तिसऱ्या दिवशी आले. हातात पिशवी, पिशवीत मृग बहाराची संत्री. धुतलेली टोपी. त्यांनी माठातल्या पाण्याने हात धुतले, पंच्याला पुसले आणि मगच पुस्तक घेतले. कपाळाला लावले. शोभा उठून आतल्या खोलीत गेली.

त्यांनी अनुक्रमणिका काढली. बोट वरून खाली आणले आणि चौथ्या ओळीवर थांबवले. "हे पाहा," ते मला म्हणाले, जणू मी पाहिले नसावे. मग बोट टिंबांच्या रेघेवरून हळूहळू सरकवत आकड्यापर्यंत नेले. "साठावर एक." आणि पाने उलटू लागले.

तेव्हा मला त्यांचा रिवाज आठवला. यादीत पाहिले की झाडापाशी जायचेच. प्रबंध वाचणारा कोणी परीक्षक कदाचित हे करणार नव्हता. सरांनी आणि मी असा हिशेब केला होता की इंग्रजी न येणारा माणूस पुस्तक उघडणार नाही. पण आकडे त्यांना येत होते आणि आपल्या नावाचा आकार त्यांना येत होता. आणखी काही लागत नव्हते.

एकसष्टावे पान आले. त्यांनी शीर्षकावर बोट ठेवले. मागे जाऊन यादीतले शीर्षक पाहिले. पुन्हा एकसष्टावर आले. हे त्यांनी तीनदा केले. मग ते पान संपूर्ण, ओळीओळीने, बोट फिरवत पाहिले. त्यानंतरचे पान. त्यानंतरचे. वीस मिनिटे तरी गेली असतील. बाहेर जिनिंगचा भोंगा झाला. त्यांनी प्रकरण संपेपर्यंत एकही पान सोडले नाही आणि मी त्यांना थांबवले नाही.

शेवटी त्यांनी पुस्तक मिटले.

"यादीत हाय," ते म्हणाले. "बगीच्यात नाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"तुमाले मालूम होतं काय जी?"

"होतं."

"कवापासून?"

"छापायच्या आधीपासून. हे पान मीच छापलं."

सगळे सांगितले. डिसेंबरातला कागद, मंगळवारची यादी, सरांचे म्हणणे, पट्टी. त्यांनी मध्ये एकदाही तोडले नाही. रागावतील असे वाटले होते. ते फक्त ऐकत होते, झाडाची नोंद घेताना माणूस जसा पाहतो तसे पाहत.

"बाकीच्या पोथ्या गेल्या?"

"गेल्या. परवाच."

"मंग आता आळं करून काय फायदा," ते म्हणाले. "पानी लागून गेलं."

अठरा वह्या मी आत जाऊन आणल्या आणि त्यांच्यासमोर ठेवल्या. सर रागावतील याचा विचार तेव्हा केला नाही. तो आधी करून झाला होता. त्यांनी वह्या मोजल्या, पंच्यात बांधल्या. पुस्तक टेबलावर ठेवले. संत्री त्यांनी पिशवीतून काढून पुस्तकाशेजारी एकेक करून मांडली. घरून आणलेली वस्तू परत न्यायची नाही, ही इकडची रीत. दारात चपला घालताना एवढेच म्हणाले, "त्या बाईले सांगजा, मशीन चांगली आहे म्हणा." ती संत्री कोणी खाल्ली नाहीत.

बोंद्रे सरांना पदवी मिळाली, नोकरी कायम झाली. पांढुर्ण्यात सत्कार झाला, त्याचे निमंत्रण माझ्याकडे आले होते. दुहेरी आळे पुढे गावोगाव त्यांच्या नावाने सांगितले जाऊ लागले. मी बातमी करू शकलो असतो. ओळखीची वर्तमानपत्रे होती, दोन्ही याद्या माझ्यापाशी होत्या, लिहायची सवय होती. पण त्या बातमीत दोषींमध्ये दुसरे नाव माझे येत होते आणि मी ती लिहिली नाही. हा भित्रेपणा होता; याला मी आजही दुसरे नाव देत नाही.

शोभा दुकानात राहिली. मात्र त्यानंतर पट्ट्यांची डबी तिने माझ्या टेबलावरून उचलली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. मी मागितली नाही.

आता लेखनाच्या प्रोग्रामांत असे संरक्षण आधीपासूनच ठेवता येते. अनुक्रमणिकेला कुलूप लावले की तिच्यात टाइप करू पाहिले तर काहीच उमटत नाही. बदल हवा तर आत जाऊन शीर्षकच बदलावे लागते. माझ्या पुतण्याच्या दुकानात लोक याबद्दल कुरकुरतात. एक अक्षर बदलायला एवढा खटाटोप कशाला, असे विचारतात. मी कोपऱ्यात बसून ऐकतो.

तुळशीरामजींकडे जायला मला वर्ष लागले. छोट्या रेल्वेने रामाकोन्याला उतरलो आणि विचारत विचारत बागेत पोचलो. ते खोडाला मलम लावत होते. मला पाहून काम थांबवले नाही, पण सुनेला चहा ठेवायला सांगितला. क्षमा मागायला आलो आहे, असे मी म्हणालो. त्यांनी मान हलवली; ती होकाराची होती की नुसतीच, ते कळले नाही. बाग दाखवली. बावीस नंबरच्या जागी नवे कलम होते. पण त्याला सहाशेच्या पुढचा आकडा दिला होता, बावीस नाही. मेलेल्याचा नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही, असे ते म्हणाले.

चहा झाल्यावर ते घरातून एक वही घेऊन आले. एकोणिसावी. तिच्या शेवटच्या पानांवर यादी होती. झाडे संपल्यावर खाली बागेशी संबंध आलेल्या माणसांची नावे होती: कलमे नेणारे, मलम देणारा, विहिरीवर मोटर बसवणारा.

"तुमचं बी आहे," ते म्हणाले. "पाहा."

नाव नव्हते. ‘सौंसरचे टायपिंगवाले’ असे होते आणि समोर सत्तावीस हा आकडा. मी यादी पाहून थांबलो. त्यांनी वही माझ्या हातात तशीच धरून ठेवली.

"झाडापाशी जा ना जी."

मी सत्ताविसावे पान उघडले. निळ्या शाईत, झाडांच्या नोंदी असत त्याच अक्षरात, एक ओळ होती.

‘खरं सांगितलं. छापून झाल्यावर.’

पानाचा आकडा बरोबर होता.